खाणावळीतलं कोर्ट

माणूस मेला की लोक त्याला चांगला म्हणायला लागतात. मी म्हणणार नाही. आमच्याकडे जेवायला येणारा तो म्हातारा जिवंतपणी डोक्याला ताप होता आणि मेल्यावर त्याच्यात काही सुधारणा झाली असेल असं मला वाटत नाही. सगळी चाळ त्याला 'कोर्ट' म्हणायची. "कोर्ट आलं, ताट घ्या." "कोर्टाला आज कालवण तिखट लागलंय." तोंडावर म्हणायची. त्याला राग यायचा नाही. राग यायलासुद्धा माणसाचं डोकं जागेवर असावं लागतं.

आमची चाळ लालबागला. एक खोली आणि पुढे सामाईक गॅलरी. त्या खोलीत मी खाणावळ चालवायचे. गिरणीतले गडी, बायकामुलं कोकणात, दोन वेळ माझ्याकडे जेवायचे. त्यातले काही गॅलरीतच वळकटी टाकून झोपायचे. एकेका जागेवर दोघांचा हक्क. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला तिथेच आडवा व्हायचा. जागा कधी थंड पडायची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याच जागेवरून खून झाला.

म्हातारा गिरणीतला नव्हता. फोर्टात कुठल्याशा पेढीवर कारकुनी करून घरी बसलेला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, राहायला जिन्याखालची खोली. मे महिन्यातसुद्धा अंगात काळा कोट, त्याला गुंडी एक नाही, पोटावर नाडी बांधलेली. मालवणकडचा, गावी मानकऱ्यांचं घर. बोलायचा अगदी पुस्तकासारखं. संतापला की मात्र मालवणी बाहेर पडायची.

त्याला कशालाच 'हो' म्हणता यायचं नाही. मी विचारायचे, "आमटी कशी झालीय?" तर बोटं चाटून म्हणायचा, "अजून ठरलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी पाटावर बसता बसता सांगायचा, "कालची आमटी बरी होती."

"आता सांगून काय उपयोग? कालची काय डोक्यावर ओतून घेऊ?"

"घाई कसली? आमटी कुठे पळून जाते?"

असा माणूस चार वेळा जेवला की पाचव्या वेळी त्याच्या ताटात विस्तव वाढावासा वाटतो.

दुसरं त्याचं वाक्य म्हणजे "कोणी बघल्यान?" म्हणजे, कोणी पाहिलं? चाळीत काही झालं, की सगळे जमायचे, सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं आणि मागून याचा आवाज यायचा, "कोणी बघल्यान?" एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईची पितळी बादली गेली. नळावर एक नवा भाडेकरू होता, रत्नागिरीकडून आलेला, त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. नवा माणूस म्हणजे चोरच. त्याला मारलं, त्याची ट्रंक उपसली. म्हातारा मध्ये पडला तर त्यालाही दोन बसल्या. संध्याकाळी बादली त्या बाईच्या नणंदेकडे निघाली, पाणी भरायला नेली होती. सगळे पांगले. कोणी त्या माणसाची माफी मागितली नाही. उलट, "तोंडच तसं आहे त्याचं," म्हणाले. म्हातारा सुजलेल्या ओठाने माझ्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "बादली परत देता येते. बडवलेला माणूससुद्धा आठ दिवसांनी नळावर येतो. पण कल्पना कर, यांच्या हातात दोर असता तर?"

मी म्हटलं, "कल्पना करायला मला वेळ नाही. ओठाला हळद लावा आणि जेवा."

त्याच्या या वेडाचं मूळ मला नंतर कळलं. तरुणपणी त्याला एकदा ज्यूरीत बसवलं होतं. तेव्हा खुनाच्या खटल्यात जज्जाच्या बाजूला काही साधी माणसं बसवायचे. दोषी की निर्दोष ते त्यांनी सांगायचं. खटला संपल्यावर त्यांना एका खोलीत नेलं. एकाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, एकाचं दुकान बंद पडलं होतं, एकाला खोकल्याची ढास लागलेली. त्यांच्यातल्या पुढाऱ्याने विचारलं, "दोषी?" पहिला हो म्हणाला, त्याचं ऐकून दुसरा, आणि ते 'हो' फिरत फिरत याच्यापर्यंत आलं. हाही हो म्हणाला. "चहा निवायच्या आत झालं सगळं," म्हणायचा. त्या माणसाला फाशी झाली.

"आणि मग तो निर्दोष निघाला?" मी विचारलं. गोष्टीत असंच असतं.

"कुठे निघाला? काहीच निघालं नाही. केला असेल त्याने खून, नसेलही. मला सांगता यायचं नाही. मी नीट ऐकतच नव्हतो, मला भूक लागली होती."

"मग एवढ्या वर्षांनी कशाला उगाळताय? मेला तो मेला."

"मेला नाही, आम्ही मारला. सगळ्यांनी मिळून. आणि घरी जाताना आपण मारला असं एकालाही वाटलं नाही. चमत्कार आहे की नाही?"

मला तो चमत्कार वाटला नाही. माणसांची रीतच आहे ती. पण म्हाताऱ्याने त्या दिवसापासून घोळक्यात 'हो' म्हणणं सोडलं. बायकोनेही फार भोगलं असणार. लग्नात "मुलगी पसंत आहे ना?" याला त्याने काय उत्तर दिलं होतं देव जाणे. अखेरीला इस्पितळात डॉक्टर बाहेर कोणाला तरी म्हणाला, म्हातारा काही सकाळ बघत नाही. ते याने खाटेवरून ऐकलं आणि ओरडला, "कोणी बघल्यान?" सकाळ बघितली, दुपारी गेला. तेवढा एक दावा जिंकला म्हणायचा.

फाशीवरून तो कोणाशीही भांडायचा. न्हाव्याशी, टपालवाल्याशी, दारात येणाऱ्या कोळणीशी. एकदा गडी त्याची टर उडवत होते. ताटात बांगडा होता. एक जण म्हणाला, "कोर्ट, खुनी माणसाची एवढी दया येते, मग ह्या बांगड्याची येत नाही?"

हा काटा काढत म्हणाला, "बांगड्यावर कोणी खटला भरला नव्हता. मला भूक लागली, मी खाल्ला, इतका सरळ व्यवहार आहे. तुम्हीही सरळ सांगा, आम्हाला भूक लागते म्हणून आम्ही फाशी देतो. मी गप्प बसेन."

गडी हसले. अर्थ कोणाला कळला असं मला वाटत नाही. हसायला अर्थ लागत नाही.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सगळं गिरणगाव पेटलेलं. माझ्याकडचे गडी पाळी सुटली की मोर्चाला, मोर्चा सुटला की जेवायला, आणि जेवताना तोंडात घास घेऊन घोषणा. म्हाताराही मोर्चाला जायचा, नाडी बांधलेल्या कोटात, सगळ्यांत पुढे. पण तोंड बंद. मागून हजारो लोक "झालाच पाहिजे" म्हणून गर्जायचे आणि हा मख्ख. एका स्वयंसेवकाने टोकलं, "काका, घोषणा द्या की!"

"मी चालतोय ना? घसा कशाला पाहिजे तुला?"

"मग संयुक्त महाराष्ट्र नको तुम्हाला?"

"पाहिजे. म्हणून तर एवढ्या उन्हात आलोय. मी माझ्या मनाने म्हणतो. तू म्हण म्हणालास म्हणून म्हणणार नाही."

त्याला सरकारचा खबऱ्या समजून तिथेच चोप देणार होते. आमच्या गड्यांनी सोडवून आणलं. मग गोळीबार झाला. आमच्या बाजूच्या गल्लीतलं एक माणूस गेलं. त्या आठवड्यात खाणावळीत दुसरं बोलणं नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने बोलायचा तो मुकादम. हा गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, चाळीत आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून चाळीचा पुढारी. माझं असं मत आहे की जगातले पुष्कळ पुढारी याच कारणाने झालेले असतात. मुकादम ताटावर मूठ आपटून म्हणाला, "ह्या सरकारच्या हातात बंदूक देणं म्हणजे पाप आहे. माणसं मारायचा हक्क ह्यांना दिला कोणी?"

म्हातारा घास हातात धरून त्याच्याकडे नुसता बघत राहिला. पुढे त्याने हे वाक्य मुकादमाच्या नाकाशी धरलं, ते सांगतेच.

आता खुनाचं. मेला तो माझा नवरा. तो काही देवमाणूस नव्हता. दारूबंदी होती, म्हणजे दारू महाग होती, एवढंच. त्या दिवशी तो सकाळीच पिऊन आला आणि गॅलरीत रातपाळीवाल्याच्या अंथरुणावर पडला. रातपाळीवाला म्हणजे माझ्याकडेच जेवणारा एक गडी, पंचविशीतला, गावी म्हातारी आई. लागोपाठ दोन पाळ्या करून आला होता. डोळे उघडे राहत नव्हते. त्याने याला उठवलं. हा उठेना. उलट नवऱ्यानेच त्याला आईवरून शिव्या दिल्या, त्याच्या ट्रंकेला लाथ मारली. मी मसाला वाटून वरवंटा धुऊन दाराशी ठेवला होता. रातपाळीवाल्याने तो उचलला आणि घातला डोक्यात. मी तेव्हा मासळीबाजारात होते. परत आले तर गॅलरीत माणसं, आणि तो रातपाळीवाला तिथेच भिंतीला टेकून झोपलेला. खरंच झोपलेला. पोलिसांनी येऊन उठवला त्याला.

वरवंटा पोलिसांनी नेला. पुढे कित्येक दिवस मी शेजारणीच्या पाट्यावर मसाला वाटत होते आणि शेजारीण मला तेवढ्यासाठी उपकार ऐकवत होती.

कोर्टात मी सांगितलं, मी मासळी आणायला गेले होते, मी काही पाहिलं नाही. मुकादमाने सांगितलं, "साहेब, झोपलेल्या माणसाला मारलं. शिवी नाही, भांडण नाही." मग गॅलरीतले तिघे एकामागून एक उभे राहिले आणि तिघांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. खरं म्हणजे मुकादम त्या वेळी खाली संडासाच्या रांगेत होता. आरडाओरडा ऐकून डबा हातात घेऊनच वर धावत आला होता, अख्ख्या चाळीने तो डबा पाहिला होता. शिव्या आणि लाथ तर पलीकडच्या खोलीतल्या आंधळ्या म्हातारीलाही ऐकू गेल्या होत्या. पण मुकादम बोलला म्हटल्यावर बाकीच्यांनी वेगळं कसं बोलायचं? आरोपीला सरकारने वकील दिला होता. त्याने आपल्याच माणसाचं नाव दोनदा चुकवलं. झोपेतल्या माणसाला मारलं, म्हणून फाशी.

मुकादम धापा टाकत जिना चढून आला. "वयनी, फाशी झाली गो, फाशी!" जसा काही गिरणीने बोनस जाहीर केला. गड्यांनी टाळ्या पिटल्या. म्हातारा कोपऱ्यात जेवत होता. म्हणाला, "छान. आता खटका कोण ओढणार?"

"कसला खटका?"

"फाशीचा. माणूस फळीवर उभा करतात, डोक्यावर पिशवी घालतात, मग कोणीतरी खटका ओढायचा असतो. तू जा. सरकार पगार देतं."

"मी कशाक जाव?" मुकादम म्हणाला. "त्येची माणसं आसतत."

"कोण माणसं?"

"आसतत कोण तरी."

"मग तू?" म्हाताऱ्याने दुसऱ्याला विचारलं. तो आमटीत बघायला लागला. तिसरा म्हणाला, "आपल्यात नाय चालत ता." एकेकाला विचारत म्हातारा सगळी पंगत फिरला. एक तयार होईना. "म्हणजे मरायला हवा, पण हात दुसऱ्याचा हवा. आणि तो दुसरा कोण? ज्याच्या हातात बंदूक देणं पाप आहे म्हणून परवा इथे ताट आपटलंत, तेच सरकार. गोळी घालतं तेव्हा खुनी. दोर ओढतं तेव्हा मायबाप. अरे, हात तरी वेगळे आहेत काय रे?"

मुकादम खवळला. "गोळीबारात निरपराधी माणसां मेली. हो रातपाळीवालो खुनी आसा!"

"कोणी बघल्यान? तू? तू तर डबो घेऊन रांगेत होतंस!"

त्यावर मारामारीच होणार होती. मी उकळत्या आमटीची पळी घेऊन मध्ये उभी राहिले तेव्हा दोघे बसले.

सगळे गेल्यावर म्हातारा माझ्यामागे लागला. माझ्या नवऱ्याच्या पायात चपला होत्या, म्हणाला. झोपलेला माणूस चपला घालून झोपतो का?

"माझा नवरा प्याला की चपलांसकट झोपायचा," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

"म्हणजे ठरवता येत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला आमटी ठरवता येत नाही, खून काय ठरवणार!"

"त्याला चांगला वकील मिळाला असता तर जन्मठेप झाली असती. मग ही फाशी कशाची? खुनाची की वकिलाची?"

"मला विचारू नका. मी चौथी पास. आणि माझं कपाळ पुसलं गेलंय, तुमचं नाही."

जाता जाता तो दारातून म्हणाला, "म्हणूनच तुला विचारतोय. बाकीच्यांचं काय गेलंय?"

हे बोलणं मात्र माझ्या डोक्यात राहिलं. कारण मी तेच बघत होते. नवरा जिवंत होता तेव्हा नळावर त्याला कोणी रांगेत घ्यायचं नाही. गिरणीत खाडा झाला तर मुकादमच त्याला शिव्या घालायचा. मेल्यावर तो सगळ्यांचा भाऊ झाला. माझ्या दारात रोज कोणी ना कोणी बसायचं आणि फाशी कशी देतात ते चवीने बोलायचं. चहा माझा.

वरच्या कोर्टात अपील चालू होतं, तेवढ्यात शिमगा आला. आमच्या चाळीत बहुतेक सगळे कोकणातले, त्यामुळे होळी पेटली की गाऱ्हाणं व्हायचं. गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्या पुरुषांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावात हा मान ठरलेल्या घराचा असतो. चाळीत त्या घरातला एकच, हा म्हातारा. त्याचा आवाजही होता तसा, घंटेसारखा. वर्षभर त्याला कोर्ट म्हणून हिणवायचे आणि शिमग्याच्या दिवशी नारळ घेऊन त्याच्या दाराशी जायचे. आणि यालाही ते सोयीचं. गाऱ्हाणं घालणाऱ्याला 'व्हय' म्हणावं लागत नाही.

त्या वर्षी मुकादमाने त्याला आधीच बजावलं, "अपील फेटाळू दे, त्येका फाशी होवू दे, असा घाला गाऱ्हाण्यात. चाळीची इच्छा आसा." म्हातारा काही बोलला नाही. ते त्याचं नेहमीचंच.

होळी पेटली. पुरुष खाली गोल करून उभे, आम्ही बायका गॅलरीत. म्हाताऱ्याने कोटाची नाडी घट्ट केली, नारळ धरला आणि सुरू झाला.

"बा देवा म्हाराजाऽ! आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत, त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

"कोणाची रोजी बुडवू नको, गिरणीचो भोंगो बंद पाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

"मुंबय आमची आमका मेळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!" चाळ दणाणली.

"ह्या चाळीतल्या एका बायचो घोव गेलो, त्येच्या आत्म्याक शांती दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

"जेच्या हातान तो गेलो, त्येका फाशीपासून वाचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

सगळे म्हणाले. मुकादम सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. मी वरून बघत होते. त्यांचे डोळे आगीकडे, कान कुठेच नाहीत. म्हाताऱ्याने नारळ आगीत टाकला आणि मग हळूहळू एकेकाचं तोंड उघडं राहायला लागलं. कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हटल्यान तो?"

पुढचा गोंधळ विचारू नका. देवाला घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, ही एकच गोष्ट त्या सगळ्यांना पक्की ठाऊक होती. मुकादमाने म्हाताऱ्याची मानगूट धरली. "उलटां गाऱ्हाणां घाल! आत्ताच्या आत्ता!"

"मी काय एकट्याने मागितलं? मी बोललो, तुम्ही हो म्हणालात. न ऐकता हो म्हणालात. कोर्टात म्हणालात तसंच."

"आमका फसवल्यान!"

"मी शब्द गिळले का? मोठ्याने बोललो. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं."

मग मुकादमाने वर बघितलं. "वयनी, तू सांग! तुझो घोव गेलो! तू म्हण, फाशी होवू दे, की हो म्हातारो उलटां घालता की नाय बघतंय मी!"

सगळ्यांचे चेहरे वर, माझ्याकडे. मी काही 'व्हय' म्हटलं नव्हतं, बायका म्हणतच नाहीत. म्हणजे त्या चाळीत आम्ही बायका आणि तो म्हातारा, एवढेच मोकळे होतो.

मला म्हाताऱ्याचं काही पटलं होतं असं नाही. पण खाली बघितलं आणि किळस आली. मी म्हटलं, "माझा घोव जिवंत असताना तुमच्यातल्या एकाने त्याला कधी 'जेवलास काय' विचारलं नाही. आता त्याच्या नावाने दोर मागता? देवासमोर बोललात ना? मग बोललात ते बोललात. गाऱ्हाणं उलटायचं नाही. आणि परत माझ्या दारात फाशीच्या गप्पा मारायला बसाल तर चहा नाही, पाणी टाकीन अंगावर."

आत येऊन मी दार लावलं.

देवाने ऐकलं नाही. अपील फेटाळलं. मग म्हातारा दयेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. मेलेल्याच्या बायकोची सही असली तर वर कोणी वाचेल, म्हणाला. मी सही केली. त्याचे डोळे चमकले. "पटलं ना तुला शेवटी?"

"काही पटलं नाही. मी त्याला माफही केलेलं नाही, ते लिहा वाटलं तर. जन्मभर खडी फोडू दे त्याला, रोज उठून माझ्या नवऱ्याची आठवण काढू दे. फाशी दिली की तो सुटला. मग आठवण काढायला उरते मी एकटी."

म्हाताऱ्याने ते अर्जात लिहिलं की नाही मला माहीत नाही. लिहायला हवं होतं. त्याच्या सगळ्या कलमांपेक्षा ते बरं होतं.

थोड्या दिवसांनी तो एका बाईला घेऊन आला. हातात कापडाचं बोचकं, पायाला भाऊच्या धक्क्यावरचा चिखल. रातपाळीवाल्याची आई. बोटीने आली होती. "हिला जेवायला वाढ," म्हणाला.

"हिला? माझ्याकडे? तुम्हाला काही लाज?"

"मला दुसरी खाणावळ माहीत नाही."

मी वाढलं. ती भिंतीकडे तोंड करून जेवली. रोज यायची, तुरुंगात मुलाला भेटून. आम्ही बोलायचो नाही. एकदा तिने विचारलं, "तो हयसर तुझ्याकडेच जेवायचो?"

"हो."

"काय आवडायचा त्येका?"

"मला काय ठाऊक? एवढे गडी जेवतात," मी म्हटलं. ती ताट घेऊन उठली, तेव्हा म्हटलं, "कालवण परत मागून घ्यायचा." तिने मान हलवली, जसं काही मी तिला मोठं काही दिलं.

अर्जाचं उत्तर 'नाही' असं आलं. एका ओळीत.

फाशी सकाळी झाली. म्हातारा आईबरोबर तुरुंगाच्या दाराशी होता. पहिली पंगत बसायच्या वेळेला तो आला. आत आला नाही, उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "प्रेत ताब्यात देतायत. आई एकटी आहे. खांद्याला चौघे पाहिजेत."

पंगतीत गडी ओळीने बसलेले. रिकामी ताटं पुढे. कोणी हललं नाही. मुकादम म्हणाला, "खुन्याक खांदो? आमी?"

मला वाटलं आता म्हातारा सुरू होणार, कोणी बघितलं, कोणी ठरवलं. पण तो बोललाच नाही. त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. कोटाची नाडी सुटून लोंबत होती. मी त्याला पहिल्यांदा नुसता म्हातारा माणूस म्हणून बघितलं आणि मला त्याचा आणखीच राग आला.

मी भाताचा टोप झाकला. चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं. "चौघे जा. ते परत येईपर्यंत इथे कोणाला ताट नाही."

"वयनी, तुझ्या घोवाक मारल्यान त्यान!"

"माझ्या घोवाला. तुझ्या नाही. ऊठ."

"अगो, पण लोक काय म्हणतले?"

"लोक म्हणजे तूच. तू ऊठ, म्हणजे बाकीचे उठतील."

मुकादम उठला. खरंच त्याच्या मागून तिघे उठले. माणसं विचाराने उठत नाहीत, उपाशी ठेवलं की उठतात. मडकं धरायला मुलगा नाही, भाऊ नाही. पुढे म्हाताराच चालला. त्याला धड चालता येत नव्हतं. आई बोचकं घेऊन माझ्या दाराशी बसून राहिली. मी तिला पाणी दिलं, तिने घेतलं नाही, मी तिथेच ठेवलं.

दुपार उलटून गेल्यावर ते आले. नळावर अंघोळी केल्या आणि ओल्या अंगाने पाटावर बसले. मी चूल परत पेटवली होती. वाढलं. फाशी मागणाऱ्या एकालाही घास जाईना. मुकादम भातात बोटं फिरवत बसला. "खा की," मी म्हटलं, "मनासारखं झालं ना? माझ्याकडे ताट टाकायचं नाही." त्याने मान खाली घालून दोन घास गिळले.

म्हातारा शेवटी बसला. हाताला मडक्याची राख तशीच. ताटाकडे बघून मला म्हणाला, "आता दोघे मेले."

"मला मोजता येतं," मी म्हटलं. "भात घ्या."